वाचकांचे प्रश्न : पॉपीचे बी मातीवर, मातीखाली नाही

प्रश्न : शर्ली पॉपीचे बी वाफ्यात टाकून वर अर्धा इंच माती पसरली, रोज झारीने पाणी घातले. तीन आठवडे झाले, एकही कोंब नाही. बी जुने निघाले असेल का?

उत्तर : बी जुने असण्यापेक्षा ते खोल गाडले गेल्याची शक्यता बरीच जास्त आहे. हा दाणा जेमतेम एक मिलिमीटरचा. अर्धा इंच माती फोडून वर येण्याएवढी शिदोरी त्याच्यात नसतेच. शिवाय त्याला रुजायला उजेड लागतो. नांगरट झालेल्या शेतात तांबड्या रानपॉपी अचानक उगवतात त्याचे कारणही हेच आहे. वर्षानुवर्षे मातीत दबून राहिलेले बी नांगराने उजेडात येते.

पुन्हा पेरताना वरची 15 सेंमी माती मोकळी करा, ढेकळे फोडा, सपाट करा आणि फळीने हलके दाबा. पाणी पेरणीच्या आधी द्या, माती चांगली भिजू द्या. पेरल्यावर झारीची धार पडली की सगळे बी वाहत एका कोपऱ्यात गोळा होते. एक चौरस मीटर वाफ्याला चिमूटभर बी पुरते. ते वाटीभर कोरड्या, बारीक, फिकट रंगाच्या वाळूत मिसळून आधी उभे, मग आडवे विखरा. बी कुठे पडले आणि कुठे राहिले ते वाळूमुळे दिसते. वर माती टाकू नका, फळीने नुसते चेपा. त्यानंतर दोन-तीन आठवडे फवाऱ्याने पृष्ठभाग ओलसर ठेवा. तो एक दिवस जरी कडक वाळला तरी नुकतीच फुटलेली मुळी मरते.

मातीचे तापमान 15 ते 18 अंश सेल्सियस असेल तर दहा ते वीस दिवसांत कोंब दिसतात. उन्हाळ्यात हा खटाटोप करूच नये. हिवाळा सौम्य असेल तर त्याच्या तोंडावर पेरा, बर्फ पडत असेल तर वसंताच्या सुरुवातीला. कॅलिफोर्निया पॉपीचे बी थोडे मोठे असते, त्यावर तीन मिलिमीटर माती चालते.

प्रश्न : बारीक गवतासारखे काहीतरी उगवले आहे. ही पॉपी की तण? आणि रोपे फार दाट झाली आहेत, ती उपटून दुसरीकडे लावता येतील का?

उत्तर : आधी बीजपत्रे, म्हणजे बीतून निघणारी पहिली पाने, बघा. शर्ली आणि आइसलँड पॉपीची बीजपत्रे सुईसारखी दोनच असतात, त्यानंतर येणारी पाने कातरलेल्या कडांची. कॅलिफोर्निया पॉपीचे प्रत्येक बीजपत्र टोकाशी दुभंगलेले असते, त्यामुळे पहिल्या नजरेला चार पाने वाटतात. खात्री पटेपर्यंत खुरपे लावू नका.

उपटून लावण्याचा विचार मात्र सोडून द्या. पॉपीचे सोटमूळ सरळ खाली जाते आणि त्याचे टोक तुटले की रोप मान टाकते. जगले तरी खुरटलेलेच राहते. कुंडीतच रोपे करायची असतील तर कागदाच्या नळ्यांत तीन-चार दाणे टाका, एक रोप ठेवा आणि दोन-तीन खरी पाने आली की नळीसकट लावा.

विरळणी कात्रीने करा. उपटताना शेजारच्या रोपाचे मूळही हलते. पहिल्या वेळी पाच सेंमी अंतर ठेवा, रोपे बोटभर झाली की शर्लीला 15 ते 20 सेंमी. एवढी रोपे कापताना हात थबकतो हे खरे, पण दाटीत हवा खेळत नाही, बुंधा काळा पडतो आणि रोपे एका रात्रीत आडवी होतात. ही बुरशीची मर आहे. ती दिसली की पाणी कमी करा, सकाळीच द्या आणि पडलेली रोपे काढून टाका.

प्रश्न : पाने हिरवीगार, झाड ऐसपैस, पण कळी नाही.

उत्तर : खत जास्त झाले आहे. नत्र वाढले की पाने वाढतात आणि देठ मऊ पडून लोळतात. पॉपीला हलकी, निचऱ्याची जमीन आणि सहा तास थेट ऊन पुरते.

प्रश्न : फुलदाणीत ठेवलेल्या पॉपी तासाभरात गळतात. काही उपाय?

उत्तर : उमललेले फूल कापूच नका. खाली मान घातलेली कळी उमलण्याआधी सरळ उभी राहते, तिचे केसाळ हिरवे कवच तडकते आणि फटीतून चुरगळलेल्या रेशमासारखी रंगाची रेघ दिसते. नेमकी तेव्हा, सकाळी कापा. देठातून चीक वाहतो, म्हणून टोक लगेच काही सेकंद ज्योतीवर धरा किंवा उकळत्या पाण्यात दहा-वीस सेकंद बुडवा आणि मग गार पाण्यात ठेवा. आइसलँड पॉपी अशी पाच-सहा दिवस टिकू शकते, शर्ली त्याहून कमी.

प्रश्न : पहिल्या वर्षी गुलाबी, पांढरी, दुहेरी काठाची फुले होती. घरचे बी पेरले तर बहुतेक लालच आली. असे का?

उत्तर : शर्ली ही मूळची तांबडी रानपॉपीच. इंग्लंडमधल्या शर्ली गावचे धर्मोपदेशक विल्यम विल्क्स यांना 1880 च्या सुमारास रानपॉपींत पांढऱ्या काठाचे एक फूल दिसले. त्याच्या बियांतून दरवर्षी निवड करत त्यांनी हे फिकट रंग आणले. ही पॉपी स्वतःच्या परागाने बी धरत नाही, मधमाश्या पराग इकडून तिकडे नेतात. म्हणून काळ्या डागाचे लाल फूल दिसले की त्याच दिवशी ते रोप काढा. दोन दिवस थांबलात तर त्याचा पराग सगळ्या वाफ्यात पोहोचतो.

मनासारख्या फुलांच्या देठाला दोरा बांधून ठेवा. बोंड तपकिरी झाले, हलवल्यावर खुळखुळले आणि टोपीखालची छिद्रे उघडली की कागदी पिशवीत उलटे कापून घ्या. आठवडाभर सावलीत वाळवा, चाळा, कागदाच्या पुडीत भरून वर्ष लिहा आणि पुडी कोरड्या, थंड जागी ठेवा.

प्रश्न : अफूची पॉपी फुलांसाठी लावली तर चालेल का?

उत्तर : अनेक देशांत, भारतातही, परवान्याशिवाय तिची लागवड हा गुन्हा आहे, मग हेतू फुलांचा असला तरी. खसखशीचे दाणे याच झाडाचे, म्हणून तेही वाफ्यात टाकू नका. बी घेताना पाकिटावरचे शास्त्रीय नाव वाचा. शर्लीसाठी पापाव्हर ऱ्हिअस आणि आइसलँडसाठी पापाव्हर न्यूडिकॉले हवे. पापाव्हर सोम्निफेरम दिसले तर ते परत करा.