तेच अंतर, मग तासाभराचा फरक कुठून आला?

प्रश्न : माझी लेक न्यूयॉर्कला असते आणि मुलगा लंडनला. ती भावाकडे येते तेव्हा विमान सात तासांच्या आत-बाहेर पोचतं, परत जाताना मात्र आठ तास लागतात. अंतर तर तेवढंच! पृथ्वी फिरते म्हणून असं होतं का? पण पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणजे लंडन पुढे पळणार. मग येतानाच जास्त वेळ लागायला हवा ना?

उत्तर : ताई, भूगोल शिकवताना हा प्रश्न मला दरवर्षी यायचा, पण त्यातली ‘लंडन पुढे पळणार’ ही अडचण फार थोड्यांना दिसायची. लंडनच्या अक्षांशावर जमीन ताशी १,००० किलोमीटरहून जास्त वेगाने पूर्वेकडे सरकते. प्रवासी विमानाचा वेग साधारण ९००. हवा जागच्या जागी थांबली असती आणि जमीनच खालून सरकली असती, तर तुमच्या लेकीला लंडन कधीच गाठता आलं नसतं. पण हवाही पृथ्वीबरोबर फिरते आणि धावपट्टीवर उभं असलेलं विमानही. त्यामुळे तो वेग हिशेबातून गळून पडतो.

उरतो वारा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार झोत वाहतो, त्याला जेट प्रवाह म्हणतात. विषुववृत्ताकडची उबदार हवा ध्रुवाकडे निघते आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे पूर्वेकडे वळते. म्हणजे पृथ्वीवरचा तुमचा संशय अगदीच चुकीचा नव्हता. तिचं फिरणं वाऱ्याच्या वाटेने हिशेबात येतंच.

आता कागद-पेन्सिल घ्या. दोन्ही शहरांतलं सर्वांत जवळचं हवाई अंतर सुमारे ५,५४० किलोमीटर. विमानाचा वेग ९०० आणि वारा सरासरी १०० धरू. येताना वेग १,००० होतो, वेळ ५ तास ३२ मिनिटं. जाताना ८००, वेळ ६ तास ५५ मिनिटं. वारा नसता तर दोन्ही खेपा मिळून १२ तास १९ मिनिटं लागली असती. वाऱ्यात १२ तास २७ मिनिटं लागतात. वारा जेवढं देतो त्याहून जास्त काढून घेतो, कारण उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहतं. हे गणित फळ्यावर सोडवताना मला दर वेळी नव्याने आनंद व्हायचा.

तिकिटावरचे आकडे याहून मोठे असतात, कारण ते विमान फलाटावरून हलल्यापासून पुन्हा फलाटाला लागेपर्यंतचे असतात. धावपट्टीपर्यंत रांगेत सरकणं, चढणं, उतरण्यासाठी घिरट्या, सगळं त्यात येतं. शिवाय विमान नेमकं ५,५४० किलोमीटरच उडतं असंही नाही. अटलांटिकवरचे मार्ग वाऱ्याचा अंदाज पाहून रोज नव्याने आखले जातात. पश्चिमेकडे जाणारी विमानं झोत टाळायला वळसा घेतात, पूर्वेकडची त्याच्यावर स्वार व्हायला. लांबची वाट कमी वेळाची ठरते ती अशी. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्याच्या साथीने एक प्रवासी विमान न्यूयॉर्कहून लंडनला पाच तासांच्याही आत, ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं. हिवाळ्यात जेट प्रवाह जोरात असतो, म्हणून तेव्हा दोन्ही खेपांतला फरकही वाढतो.

घड्याळाने मात्र फसू नका. तिकिटावरच्या वेळा त्या-त्या शहराच्या असतात, आणि बहुतेक वर्षभर लंडन न्यूयॉर्कच्या ५ तास पुढे असतं. संध्याकाळी ७ला निघून सकाळी ७ला पोचली, तर १२ तासांतून ५ वजा करा. परतीला सकाळी ११ला निघून दुपारी २ला उतरली, तर ३ तासांत ५ मिळवा. लेक त्या दिवशी आठ तास विमानात आहे, हे धरूनच फोनची वाट बघा.