पोट सुटलंय ते आळसामुळे नाही

प्रश्न: ताई, मी 48 वर्षांची, राहते कांदिवलीला आणि नोकरी चर्चगेटला. शेवटची पाळी पाच महिन्यांपूर्वी आली, त्याआधी दीड वर्ष सगळं अनियमित, एकदा आली की आठ-दहा दिवस थांबायचीच नाही. आता अंगातून अचानक वाफा निघतात, लेडीज डब्यात बाकी सगळ्या नीट उभ्या आणि मी एकटीच घामाने निथळतेय, रात्री पण दोन-तीनदा उठून बसते. दोन वर्षांत सहा किलो वाढलं, सगळं पोटावर. खाणं पूर्वीएवढंच, उलट दोन महिने रात्रीचं जेवण बंद करून नुसता चहा-बिस्किटं घेते तरी काटा हलत नाही. रिपोर्टमध्ये उपाशीपोटी शुगर 108, एचबीएवनसी 6.0, ट्रायग्लिसराइड 178, एचडीएल 44, हिमोग्लोबिन 10.1, बीपी 124/80. कंबर 35 इंच. घरचे म्हणतात आळशी झालीस. एक मैत्रीण म्हणते हार्मोनच्या गोळ्या घे, दुसरी म्हणते अजिबात नको, कॅन्सर होतो. मी नक्की काय करू?

उत्तर: आधी तो आळशी शब्द डोक्यातून काढून टाक. पहाटे उठून डबे करून, गर्दीच्या लोकलने जाऊन-येऊन, परत रात्री ओट्याशी उभी राहणारी बाई आळशी कशी असेल? तुझ्या शरीरात खरंच काहीतरी बदलतंय. वजन वाढण्यात वयाचा वाटा मोठा आहे, पण ते पोटावरच का चढतं याचं उत्तर पाळी जाण्यात आहे. इस्ट्रोजेन असतं तोवर चरबी जास्त करून मांड्या-नितंबांवर साठते, ते कमी झालं की ती पोटात, आतड्यांभोवती आणि लिव्हरजवळ साठायला लागते आणि ही आतली चरबी गप्प बसत नाही, तिच्यामुळे इन्सुलिन नीट काम करत नाही, मग शुगर वर सरकते आणि ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, वाढतात. त्यात रात्रीची झोप मोडलेली, म्हणजे दुसऱ्या दिवशी भूक जास्त आणि गोड खावंसं वाटणं पण जास्त.

आता रिपोर्ट बघू. डॉक्टर पाच गोष्टी मोजतात: कंबर, बीपी, उपाशीपोटी शुगर, ट्रायग्लिसराइड आणि एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल. यातल्या तीन बिघडल्या की त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. आपल्याकडच्या बायकांसाठी कंबरेची मर्यादा 80 सेंटीमीटर, म्हणजे साधारण साडेएकतीस इंच, तुझी 35. शुगर 100 च्या खाली हवी, ट्रायग्लिसराइड 150 च्या खाली, एचडीएल बाईचं 50 च्या वर. पाचातल्या चार गेल्या, फक्त बीपी चांगलं आहे. घाबरवायला नाही सांगत, पण "वय झालं की होतंच" म्हणून कोणी परत पाठवलं तर तू परत जा आणि बसून विचार. हा डायबेटिस नाही, त्याच्या आधीची पायरी आहे, इथून मागे फिरता येतं.

एक बारकावा, जो खूप वेळा सुटतो. तुझं हिमोग्लोबिन 10.1 आहे, आणि दीड वर्ष जास्त रक्त गेलंय, म्हणजे लोह कमी असणार. लोह कमी असलं की एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा, खोटा थोडा वर दिसू शकतो. त्यामुळे फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी, करून घे, सोबत थायरॉइडची टीएसएच, कारण थायरॉइडमुळे पण वजन वाढतं, पाळी बिघडते. पण उपाशीपोटीची 108 आहेच, त्यामुळे नुसतं लोहावर ढकलू नकोस.

आणि ते चहा-बिस्किट आजपासून बंद, प्लीज. जेवलेल्या अन्नातली बरीचशी साखर स्नायूंमध्ये जाते, आणि उपाशी राहिलीस की चरबीसोबत स्नायू पण जातात, मग साखर जाणार कुठे? माझ्याकडे येणाऱ्या किती बायका सगळ्यांना वाढून साडेदहाला उरलेला भात टाकवत नाही म्हणून खातात, आणि दिवसभर प्रोटीन जवळजवळ शून्य. 60 किलोच्या बाईला दिवसाला कमीत कमी 50 ग्रॅम लागतं. एका अंड्यात 6 ग्रॅम असतं, त्यावरून हिशोब कर. मटकीची उसळ, चवळी, अंडी, बांगडा, पनीर, दही, जे घरी चालतं ते प्रत्येक जेवणात आधी वाढून घे, भात नंतर. उपासाला साबुदाणा खिचडी खाल्लीस तर तो नुसता स्टार्च आहे हे लक्षात ठेव, शेंगदाणे भरपूर घाल आणि सोबत वाटीभर दही घे.

चालणं हवंच, आठवड्याला 150 मिनिटं, जेवल्यावर दहा मिनिटं बिल्डिंगखाली चाललीस तरी शुगरला फरक पडतो. पण फक्त चालून स्नायू टिकणार नाहीत. आठवड्यातून दोनदा तरी खुर्चीवरून हात न टेकता पंधरा वेळा उठ-बस, भिंतीला हात लावून पुश-अप, पाण्याच्या दोन लिटरच्या बाटल्या उचलणं, एवढ्याने सुरुवात कर. स्टेशनचे जिने चढायचे, एस्कलेटर सोडायचा. महिन्यात काटा हलला नाही तरी कंबर मोज, टेप आधी सांगेल.

हार्मोनचं म्हणशील तर दोघी मैत्रिणी अर्धवट बोलतात. 2002 साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासानंतर ही भीती बसली, पण त्यात भाग घेतलेल्या बायकांचं सरासरी वय 63 होतं. तुझ्यासारखीने 60 च्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत घेतलं तर हिशोब बराच वेगळा असतो, आणि वाफा, घाम, झोप यावर याच्याइतकं चांगलं काम दुसरं औषध करत नाही. मात्र वजन कमी करायला ते नाही, आणि स्तनाचा कॅन्सर किंवा रक्ताच्या गुठळ्या झाल्या असतील तर नको. स्वतःहून मेडिकलमधून आणू नकोस, गायनॅकला दाखव.

प्रश्न: पाळी बंद होऊन तीन वर्षं झाली, मागच्या आठवड्यात दोन दिवस लाल डाग लागले, आता थांबलेत. वाट बघू का? (परळ)

उत्तर: नाही, या आठवड्यातच जा. बारा महिने पाळी नसताना परत रक्त दिसलं तर थांबलं असलं तरी तपासायचंच. बहुतेक वेळा आतला पडदा कोरडा पडल्यामुळे होतं, पण गर्भाशयाच्या कॅन्सरची पहिली खूण पण हीच असते, आणि तो लवकर सापडला तर बरा होण्याची शक्यता खूप चांगली असते. वजन जास्त किंवा डायबेटिस असेल तर धोका वाढतो, कारण चरबी स्वतः इस्ट्रोजेन बनवते. सोनोग्राफी होईल, गरज पडली तर आतल्या अस्तराचा तुकडा तपासतील. जाताना डाग कोणत्या तारखेला लागले ते आणि चालू गोळ्या लिहून ने.