वांग्याचा देठ आणि गौराईचे गाणे

धुळ्याच्या ताईंना,

सप्रेम नमस्कार. तुमचे चार पानांचे पत्र मी दोनदा वाचले. इतर वाचकांसाठी त्याचा आशय थोडक्यात सांगते. तुमचे वय ४१ आहे, माहेर पारोळ्याजवळच्या खेड्यातले आणि नोकरी सरकारी कार्यालयातली. तीन वर्षांपूर्वी मुलगा शिक्षणासाठी पुण्याला गेला आणि हाताशी वेळ उरू लागला, तेव्हापासून तुम्ही हातमागाच्या साड्या नेसू लागलात, चित्रकलेच्या वर्गाला जाऊ लागलात, शास्त्रीय गायनाच्या मैफली ऐकू लागलात. यंदा आखाजीला, म्हणजे आपल्या खानदेशातल्या अक्षय्य तृतीयेच्या सणाला, नणंदा माहेरी आल्या असताना त्यांतली एक सर्वांसमोर म्हणाली, “वहिनी आता पुण्याच्या झाल्या.” त्याच दुपारी गौराईचे गाणे म्हणायची तुमची पाळी आली आणि लहानपणी झोक्यावर शेकडो वेळा म्हटलेल्या गाण्याची दुसरी ओळ काही केल्या आठवेना. तुमचा प्रश्न असा आहे, की ही तीन वर्षे तुम्ही दुसऱ्या कोणाची नक्कल करण्यात घालवली का, आणि खरी ‘मी’ त्या विसरलेल्या गाण्यापाशीच राहून गेली का.

नक्कल या शब्दाने तुम्ही इतक्या दुखावला आहात, म्हणून आधी त्याविषयी लिहिते. जळगावहून दीड-दोन तासांत जाता येते त्या अजिंठ्याच्या लेण्यांत १८७२ पासून १८८५ पर्यंत जॉन ग्रिफिथ्स यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थी भिंतींवरील चित्रांच्या प्रतिकृती करत होते. ती शब्दशः नक्कलच होती, पण एका बोटाचा बाक जसाच्या तसा उतरवण्यासाठी त्या बोटाकडे जितका वेळ पाहावे लागते, तितका वेळ नुसता प्रेक्षक कधीच पाहत नाही. हाताने केलेल्या अशा नकलेतून माणूस शिकतो. पण आपण कसे दिसतो याच्या काळजीपोटी केलेली नक्कल थकवा आणते, कारण तिला सतत पाहणारा कोणीतरी लागतो. तुमच्या तीन वर्षांत दोन्ही प्रकार आहेत, असे मला तुमच्या पत्रावरूनच वाटते.

मैफलींविषयी तुम्ही अर्धी ओळ लिहिली आहे. साड्यांविषयी तीन ओळी आहेत, त्यांतल्या दोन कोण काय म्हणाले याविषयी. आणि भरताच्या वांग्याविषयी जवळजवळ एक पान आहे! आपल्याकडचे ते फिकट हिरवे, पांढरट रेघांचे वांगे रंगवताना देठाजवळचा हिरवा साधेना, म्हणून तुम्ही रात्री साडेअकरापर्यंत बसलात. दुसऱ्या दिवशी बाजारातून आणखी दोन वांगी आणलीत आणि घरच्यांना भरीत मिळाले ते तिसऱ्या दिवशी. हे सांगताना तुमचे अक्षरसुद्धा मोकळे झाले आहे. तुम्ही कोण आहात, या प्रश्नाचे उत्तर मी शोधून द्यावे असे तुम्हाला वाटते. मला ते त्या पानावर लिहिलेले दिसले. मैफली आवडत नसतील तर निःसंकोच सोडा. त्या न आवडणे हा काही उणेपणा नाही. साडी मात्र सोडण्याची घाई करू नका. सुट्टीच्या दिवशी घरात कोणी नसताना तीच साडी नेसावीशी वाटते का, एवढे पाहा आणि जे वाटेल त्याप्रमाणे वागा.

आता गाण्याविषयी. इथे मला माझी एक गोष्ट सांगावी लागेल. शिक्षणासाठी बाहेर गेल्यावर पहिल्याच वर्षी माझ्या तोंडून ‘माले’, ‘तुले’ निघाले आणि वर्ग हसला. त्यानंतर कित्येक वर्षे मी अहिराणी फक्त आईशी बोलले, तेही कोणी ऐकत नसताना. आई गेल्यावर ती बोलायला कोणी उरले नाही, आणि कोणते शब्द हरवले हेसुद्धा आता मला सांगता येत नाही. म्हणून तुमच्या दुसऱ्या ओळीचे दुःख मला क्षुल्लक वाटत नाही.

असोद्याला जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. घरकाम आणि शेतीकाम करता करता त्यांना गाणी सुचत, आणि घरातल्या मुलांनी ती कागदावर उतरवली. त्या १९५१ साली गेल्या आणि १९५२ साली ती गाणी पुस्तकरूपाने महाराष्ट्रापुढे आली. ऐकणाऱ्याने वेळीच वही उघडली नसती, तर आपल्याकडे काय उरले असते याचा विचार केला की मला आजही अस्वस्थ वाटते. तुमच्या माहेरच्या गाण्यांसाठी अशी वही उघडणारे दुसरे कोणी असेल, असे गृहीत धरू नका.

मात्र गाणे खरे आणि चित्र उसने, अशी वाटणी कृपा करून करू नका. गौराईचे गाणेही तुम्ही आई-मावशीच्या मागोमाग म्हणूनच शिकलात. तेव्हा त्याला कोणी नक्कल म्हटले नाही, इतकेच. ४१ व्या वर्षी मागोमाग म्हणायला लाज वाटते, ही खरी अडचण आहे आणि ती चित्रकलेच्या वर्गात तुम्ही एकदा ओलांडलेलीही आहे.

नणंदेच्या बोलण्याचा राग धरू नका. तिच्या वाक्यात टोमणा असेलही, पण वहिनी आपल्यातून उठून दूर जात आहे अशी भीतीही मला त्यात ऐकू येते. तिच्याकडे धुळ्याच्या घरातली गाणी असतील आणि चालही तुमच्या गावापेक्षा वेगळी असेल. तिला ती म्हणायला सांगा आणि तिच्यासमोरच उतरवून घ्या. उच्चार जसा कानावर पडेल तसाच लिहा, प्रमाण मराठीत सुधारू नका.

तुमच्या मावशी गावीच आहेत, असे तुम्ही लिहिले आहे. येत्या रविवारी त्यांच्याकडे जा. गेल्या गेल्या विसरलेली ओळ विचारू नका, कारण कोणी अचानक विचारले की त्यांनाही ती आठवणार नाही. आखाजीचा झोका कोणत्या झाडाला बांधत होते, दोर कोण आणत असे, गौराईपुढे काय ठेवत, हे विचारा. बोलता बोलता त्या आपल्या आपण गुणगुणू लागतील. तेव्हा पेन खाली ठेवा आणि गाणे एकदा पूर्ण होऊ द्या.

तुमची,
ताई