नऊ लाखांचं घड्याळ आणि आईची एफडी

प्रश्न: मी नाशिकला राहतो, वय ३५. घरातल्याच एका खोलीत छोटा स्टुडिओ आहे. मालिकांचं पार्श्वसंगीत, भक्तिगीतं, बालनाट्यं, जिंगल्स अशी कामं करतो. वर्षाला साधारण ८ लाख हातात येतात, पण एखादा महिना लाखाचा तर पुढचे दोन कोरडे. घरी पत्नी, ४ वर्षांची मुलगी आणि आई. मुंबईच्या ज्या स्टुडिओत आमचं फायनल मिक्सिंग होतं, तिथे माझे ट्रॅक जुळत नाहीत. एकदा तर अख्खं गाणं चढ्या पट्टीत वाजलं. कधी शेवटच्या अंतऱ्यापर्यंत आवाज आणि ठेका यांच्यात फट पडते. माझ्याकडे दोन चॅनेलचा इंटरफेस (माइकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारं यंत्र) आणि एक यूएसबी माइक आहे. दुकानदाराने मास्टर क्लॉक (सगळ्या डिजिटल यंत्रांना एकाच गतीने चालवणारं घड्याळ), १६ चॅनेलचा इंटरफेस, प्रीअँप (माइकचा आवाज वाढवणारं यंत्र) वगैरे मिळून ९ लाखांचं कोटेशन दिलंय. गिअर जुळलं की कायम काम देऊ, असं स्टुडिओवाले म्हणतात. त्यांच्याकडे माझे १ लाख ६० हजार येणं आहे, तेही तेव्हाच वळते करतील. आईच्या १२ लाखांच्या एफडीतून ९ लाख घेऊन तिला बँकेपेक्षा एक टक्का जास्त व्याज द्यावं, की पर्सनल लोन काढावं? करातही सवलत मिळेल असं दुकानदार म्हणाला. आईची तशी काळजी नाही. ती शिक्षिका होती, २८ हजार पेन्शन आहे, आणि निवृत्तीच्या १८ लाखांतून तिने बँकेतच गॅरंटीड प्लॅन घेतलाय. वर्षाला ३ लाख, १० वर्षं भरायचे, २० वर्षांनी ६० लाख नक्की. विमा माझ्या नावावर आहे. दोन हप्ते झालेत, तिसरा पुढच्या महिन्यात.

उत्तर: आधी घड्याळाचं उरकून घेऊ. ते सोपं आहे, आणि तुम्ही विचारलंयही तेवढंच.

माझे एक क्लायंट मुंबईत रेकॉर्डिस्ट आहेत, तीस वर्षं त्याच धंद्यात. नाव-गाव झाकून तुमचं पत्र त्यांना वाचून दाखवलं. ‘चढ्या पट्टीत वाजलं’ इथपर्यंत आलो तोच ते म्हणाले, "हा घरी ४४.१ वर काम करतो आणि स्टुडिओ ४८ वर." सॅम्पल रेट म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले ते. सीडीचा ४४.१ किलोहर्ट्झ, चित्रपट-मालिकांचा ४८. तुमची फाईल न बदलता ४८ वर वाजवली की सुमारे नऊ टक्के वेगाने पळते. चार मिनिटांचं गाणं ३ मिनिटं ४० सेकंदांत संपतं आणि काळी एकमध्ये गायलेलं गाणं पांढरी दोन नि काळी दोन यांच्या मधे कुठेतरी जाऊन लटकतं. यावर उपाय म्हणजे प्रोजेक्ट सुरू करताना सेटिंगमध्ये ४८ निवडणं. खर्च शून्य.

मग फटीचं विचारलं. त्यांनी उलट विचारलं, "ठेका इंटरफेसवर आणि गाणं यूएसबी माइकवर घेतो का?" घेत असाल तर दुखणं तिथे आहे. यूएसबी माइकच्या पोटात स्वतःचं घड्याळ असतं आणि इंटरफेसच्या पोटात वेगळं, दोन्ही कधीच तंतोतंत सारखी चालत नाहीत. दहा लाखांत पन्नास भाग इतकाच फरक धरा, तरी सात मिनिटांच्या भजनाच्या शेवटी २० मिलिसेकंदांचं अंतर पडतं. टाळ आणि आवाज एकमेकांच्या मागे चालल्यासारखे वाटायला तेवढं पुरतं. तुमच्या कोटेशनमधलं १ लाख ४० हजारांचं मास्टर क्लॉक यात काय करेल? काहीच नाही, कारण यूएसबी माइकला क्लॉकची केबल खोचायला जागाच नसते! हे दुकानदाराला ठाऊक नसेल यावर माझा विश्वास नाही.

असं मास्टर क्लॉक लागतं ते दोन-तीन डिजिटल यंत्रं एकाच वेळी केबलने जोडून चालवायची असतात तेव्हा. तुम्ही नाशिकहून मुंबईला फाईल पाठवता. फाईलला घड्याळ नसतं. तिला हवं असतं ते एवढंच: सगळे ट्रॅक एकाच शून्यापासून सुरू झालेले, मधे गाणं नसेल तिथे शांतता भरलेली, २४ बिट वेव्ह, ४८ किलोहर्ट्झ, सोबत टेम्पोची मिडी फाईल आणि एका चिठ्ठीवर पट्टी नि टेम्पो. यूएसबी माइक विकून टाका, साधा, यूएसबी नसलेला कंडेन्सर माइक घ्या आणि तो त्याच दोन चॅनेलच्या इंटरफेसला लावा. गाणारा उभा राहतो त्याच्या मागच्या भिंतीवर जाड गोधड्या टांगा. (ही सूचनाही रेकॉर्डिस्टचीच, माझी नाही. त्यांच्या मते नऊ लाखांच्या कोटेशनपेक्षा दोन गोधड्यांनी आवाज जास्त सुधारेल.) सगळं धरून ३०-४० हजारांत भागतं.

तरीही मन ऐकत नसेल तर आकडे बघा. कोटेशनच्या तळाशी ‘जीएसटी वेगळा’ असं बारीक अक्षरांत आहे. १८ टक्के लावले की ९ लाखांचे सुमारे १० लाख ६० हजार होतात. तुमची उलाढाल २० लाखांच्या आत, म्हणून नोंदणी नसणार, म्हणजे तो जीएसटी परत मिळायचा नाही. करसवलतीचं तर सोडूनच द्या. ८ लाखांवर नव्या करप्रणालीत तुम्हाला आज शून्य कर आहे. जो कर लागतच नाही, तो वाचवणार कुठून? मुंबईत आठ तासांची शिफ्ट बारा हजारांना मिळते आणि वर्षात सहा-सात शिफ्टा पुरतात, असं तुम्हीच पत्राच्या इथे न छापलेल्या भागात लिहिलंय. १० लाख ६० हजारांवर सात टक्क्यांनी वर्षाचं व्याज ७४ हजार होतं. म्हणजे एफडी न मोडता नुसत्या व्याजात सहा शिफ्टा निघतात, तेही त्यांच्या यंत्रांवर, त्यांच्या खोलीत, त्यांच्या एसीत. सहा वर्षांनी तुमच्या यंत्रांना निम्मा भाव आला तरी नशीब समजा.

‘गिअर जुळलं की कायम काम’ हे तोंडी आहे. ज्या माणसाकडून १ लाख ६० हजार सुटत नाहीत, त्याच्या तोंडी शब्दावर आईची एफडी मोडायची? आधी येणं वसूल करा, मग त्याच्या गिअरबद्दल बोला. पर्सनल लोन तर अजिबात नको. ज्याचे दोन महिने कोरडे जातात त्याने दर महिन्याचा ईएमआय डोक्यावर घेऊ नये.

आता खरं दुखणं. ‘आईची तशी काळजी नाही’ या वाक्यावर मी थांबलो आणि परत मागे गेलो.

तुमच्या आईंना निवृत्तीला १८ लाख मिळाले. प्लॅन आहे वर्षाला ३ लाखांचा, १० वर्षं. म्हणजे ३० लाख. १८ लाख असणाऱ्या बाईंना ३० लाखांची जबाबदारी विकली गेली आणि घरात कोणी बेरीज केली नाही. ६ लाख भरून झाले, १२ उरले, अजून २४ भरायचे आहेत. व्याज धरून ओढाताण केली तरी सहाव्या-सातव्या हप्त्याला पैसे संपतात. मग हप्ता कुठून भरणार? पेन्शनमधून? वर्षाला ३ लाख म्हणजे महिन्याला २५ हजार. पेन्शन २८ हजार. उरलेल्या तीन हजारांत आई रक्तदाबाच्या गोळ्या घेतील की नातीला खाऊ?

आणि तुमचा बेत त्यात बसवून बघा. एफडीतून ९ लाख तुम्ही घेतले की राहतात ३. पुढच्या महिन्याचा हप्ता ३ लाखांचा. एफडी संपली.

६० लाखांचंही सांगतो, कारण त्याच आकड्यावर सगळे भुलतात. ३० लाख एकदम नव्हे, दहा वर्षांत भरले जातात आणि सरासरी साडेपंधरा वर्षांनी दुप्पट होतात. पैसे किती वर्षांत दुप्पट होतात त्या आकड्याने ७२ ला भागलं की साधारण व्याजदर कळतो. ७२ ला साडेपंधराने भागा. परतावा साडेचार-पावणेपाच टक्के. सध्या पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना ८.२ टक्के देते आणि दर तिमाहीला हातात देते. हा प्लॅन हातात देणार तेव्हा आई ८१ वर्षांच्या असतील. ६१ वर्षांच्या निवृत्त शिक्षिकेला २० वर्षांचा प्लॅन विकणाऱ्याने तिच्याकडे फक्त खात्यातली शिल्लक म्हणून बघितलं. बँकेच्या शाखेत निवृत्तीची रक्कम जमा झाली की दोन दिवसांत फोन येतो, चहा मागवला जातो, ‘मॅडम, तुमच्यासाठी खास’ असं होतं. असे फॉर्म मी पुष्कळ पाहिलेत. सह्या ग्राहकाच्या, बाकी सगळं अक्षर मॅनेजरचं.

म्हणून विमा कंपनीकडे प्रपोजल फॉर्मची, म्हणजे पॉलिसी घेताना भरलेल्या अर्जाची, प्रत लेखी मागा. ती द्यावी लागते. आईंच्या नावापुढे वार्षिक उत्पन्न किती लिहिलंय ते आधी वाचा. पेन्शन वर्षाला ३ लाख ३६ हजार. तिथे १० किंवा १२ लाख दिसले तर तोच तुमचा मुख्य पुरावा. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार: चुकीची माहिती देऊन विक्री झाली, उत्पन्न खोटं लिहिलं, हप्त्याची जबाबदारी समजावली नाही, पूर्ण रक्कम परत हवी. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे. नाशिक त्यांच्याच अखत्यारीत येतं. फी नाही, वकील लागत नाही. जिंकालच अशी खात्री मी देणार नाही. पडताळणीच्या फोनवर आईंनी सगळ्याला ‘हो’ म्हटलं असेल, आणि ते रेकॉर्डिंग कंपनी पुढे करणारच.

तक्रारीचा निकाल लागेपर्यंत सरेंडर करू नका, म्हणजे पॉलिसी मुदतीआधी मोडू नका. ती नाकारली गेली तरीही घाई नको. दोन हप्त्यांनंतर सरेंडर केलं तर हमीची रक्कम साधारण तीस-पस्तीस टक्के असते, म्हणजे सहातले दोनेक लाख. विशेष सरेंडर मूल्य त्याहून बरं असू शकतं. आकडा लेखी मागा. त्याच्या शेजारी पेड-अपचा आकडा ठेवा. हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवली आणि दहापैकी दोन हप्त्यांच्या प्रमाणात लाभ राहिला तर २० व्या वर्षी १२ लाख येतील. दोन लाख आज घेऊन १८ वर्षं सात टक्क्यांनी ठेवले तर सातच्या आत होतात. अशा हिशेबात पेड-अप चांगलं. सरेंडरचे चार लाख मिळत असतील तर पारडं फिरतं. मी एरवी असल्या पॉलिसीतून आजच बाहेर पडा असंच म्हणतो, पण इथे दोन्ही कागद समोर येईपर्यंत नाही.

एक मात्र क्रमाने करा. त्या पॉलिसीत विमा तुमच्या जिवावर आहे, बहुधा ३० लाखांच्या आसपास, आणि हप्ता थांबला की तो कमी होणार. तुमच्याकडे दुसरा विमा असल्याचं पत्रात कुठे दिसत नाही. १ कोटीचा टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा) तुमच्या वयाला, तंबाखू नसेल तर, वर्षाला बारा-पंधरा हजारांत मिळतो, आणि सप्टेंबर २०२५ पासून त्यावर जीएसटीही नाही. तो आजच मागा. तुमचा, पत्नीचा आणि मुलीचा आरोग्य विमाही त्याच आठवड्यात.

आईंच्या १२ लाखांतले ९ लाख ज्येष्ठ नागरिक योजनेत आईंच्याच नावावर. दर तिमाहीला १८ हजार ४५०. उरलेले ३ लाख एफडीत, घरच्या अडीअडचणीला. तुम्ही त्यांना ‘एक टक्का जास्त’ देणार होता त्याची गरज नाही, पोस्ट तेवढं देतंच, आणि कोरड्या महिन्यात हप्ता चुकवत नाही.

पुढच्या महिन्याचा हप्ता आईंच्या खात्यातून आपोआप वळता होणार असेल, बहुतेक तसंच लावून दिलेलं असतं. या सोमवारी आईंना घेऊन शाखेत जा, ऑटो-डेबिट बंद करण्याचा अर्ज द्या आणि पोच घ्या. सही त्यांचीच लागेल. मॅनेजर चहा मागवेल. चहा प्या, पण त्या टेबलावर दुसऱ्या कुठल्याही कागदावर सही करू नका.