जर्मनीत तीन दिवस मोकळे आहेत. इतिहास, खाणं आणि संस्कृती एकाच शहरात बघायची तर कुठे जावं?

न्यूरेंबर्ग.

तीन दिवसांत बर्लिन फक्त उरकता येतं आणि म्युनिकला तर सगळेच जातात. मी नोकरीनिमित्त इथून जवळच, एर्लांगेनला राहतो, त्यामुळे माझं मत थोडं घरचं आहे हे धरून चला. फ्रँकफर्टहून आयसीई या जलद गाडीने साधारण दोन तास लागतात, म्युनिकहून तासभर. फक्त म्युनिकहून सकाळी येऊन संध्याकाळी परत जायचा बेत करू नका. तसे येणारे किल्ला बघतात, सॉसेज खातात, चौकात फोटो काढतात आणि जातात. ज्यासाठी मी हे शहर सुचवतोय तो भाग जुन्या गावाबाहेर आहे, आणि त्याला वेगळा दिवस लागतो.

आधी जुनं गाव. भोवतीची तटबंदी मूळची सुमारे पाच किलोमीटरची, आणि तिचा बराचसा भाग अजून उभा आहे. आत शिरलात की मध्ययुगात आल्यासारखं वाटेल, पण २ जानेवारी १९४५ च्या रात्री झालेल्या बॉम्बफेकीत हे गाव जवळपास ९० टक्के जमीनदोस्त झालं होतं. आज दिसतं ते बहुतेक सगळं नंतर उभारलेलं आहे: गल्ल्यांची आखणी जुनीच, तोच वालुकाश्म, तशीच उतरती कौलारू छपरं. मधूनच पन्नासच्या दशकातली एखादी साधीसुधी इमारत डोकावते, ती मला उलट प्रामाणिक वाटते.

किल्ल्यावर जा, बुरुजावर चढा. १३५६ च्या फर्मानाप्रमाणे पवित्र रोमन साम्राज्याच्या (म्हणजे तेव्हाच्या जर्मन प्रदेशांच्या साम्राज्याच्या) प्रत्येक नव्या राजाने पहिली सभा याच शहरात घ्यायची होती, आणि १४२४ पासून १७९६ पर्यंत साम्राज्याचा मुकुट आणि राजचिन्हं इथे ठेवलेली होती. आता ती व्हिएन्नात आहेत.

खाली बाजारचौकात फ्राउएनकिर्श हे चर्च आहे. दुपारी बाराच्या ठोक्याला त्याच्या घड्याळातून सात मतदार-राजपुत्रांचे, म्हणजे सम्राट निवडणाऱ्यांचे, पुतळे बाहेर येऊन सम्राटाभोवती तीन फेऱ्या घालतात आणि सगळा चौक फोन वर धरून उभा राहतो. तो सम्राट म्हणजे चौथा कार्ल. हा चौक पूर्वी ज्यूंची वस्ती होता. १३४९ मध्ये कार्लच्याच संमतीने ती उद्ध्वस्त झाली, शेकडो माणसं मारली गेली, आणि पाडलेल्या सिनेगॉगच्या जागी हे चर्च उभं राहिलं. हे माहीत असेल तर त्या फेऱ्या जरा वेगळ्या दिसतात.

सेंट लोरेन्झ चर्चला मात्र निवांत वेळ द्या. आडाम क्राफ्टने १४९० च्या दशकात घडवलेला दगडी मनोरा तिथे आहे, सुमारे वीस मीटर उंच. वर छताजवळ त्याचा शेंडा वेलीसारखा वाकतो. पायथ्याशी तो सगळा भार खांद्यावर घेऊन गुडघ्यावर बसलेला माणूस म्हणजे खुद्द क्राफ्ट. त्याच चर्चमध्ये फाइट श्टोसचं लाकडी शिल्प अधांतरी टांगलेलं आहे. युद्धकाळात ते किल्ल्याखालच्या खडकातल्या भुयारात दडवलं होतं, म्हणून वाचलं. ते भुयार आज मार्गदर्शकाबरोबर पाहता येतं. शेजारी बिअर साठवायची जुनी तळघरंही आहेत. आत उन्हाळ्यातही थंडी असते, स्वेटर घ्या.

चित्रकार ड्यूररचं घर किल्ल्याच्या पायथ्याशीच आहे. १५०९ पासून १५२८ मध्ये मरेपर्यंत तो तिथे राहिला. त्याचा १५१५ चा प्रसिद्ध गेंडा आठवतो? चिलखत घातल्यासारखी कातडी आणि पाठीवर एक जादा शिंग? तो गेंडा आपल्याकडचा. गुजरातच्या सुलतान मुजफ्फरशहाने तो पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कला भेट दिला, अल्बुकर्कने गोव्याहून जहाजाने लिस्बनला धाडला. ड्यूररने तो कधी पाहिलाच नाही. कुणाच्या पत्रावरून आणि एका कच्च्या रेखाटनावरून इथे न्यूरेंबर्गमध्ये बसून त्याने चित्र काढलं, आणि पुढची दोनेकशे वर्षं युरोपने गेंडा तसाच असतो असं मानलं. खरा गेंडा बिचारा पोपकडे नेताना इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाजासकट बुडाला.

हा संबंध योगायोगाचा नाही. १५०५ मध्ये पोर्तुगालहून हिंदुस्थानला निघालेल्या आल्मेइदाच्या आरमारात इथल्या इमहोफ आणि हिर्शफोगेल या व्यापारी घराण्यांचे पैसे गुंतले होते. मिऱ्याच्या नफ्याचा हिशेब ठेवणारं गाव होतं हे. जर्मानिशेस नॅशनल म्युझियममध्ये १४९२ च्या सुमाराला बनलेला बेहाइमचा पृथ्वीगोल आहे, आज टिकून असलेला जगातला सर्वांत जुना. त्यावर अमेरिका नाही. युरोपातून पश्चिमेला निघालं की समुद्र आणि थेट आशिया.

मसाल्यांवरून खाण्याकडे. लेबकूखन हा इथला मसालेदार गोड पदार्थ: दालचिनी, लवंग, वेलची, आणि एके काळी भोवतालच्या जंगलातला मध. घ्यायचा तर 'एलिझेन' प्रकारचाच घ्या. त्यात नियमाने किमान २५ टक्के सुकामेवा असावा लागतो आणि पीठ १० टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. स्वस्तातला प्रकार म्हणजे निव्वळ पीठ, तो ऑफिसात वाटायला ठीक.

न्यूरेंबर्गचं सॉसेज बोटाएवढं, सात ते नऊ सेंटिमीटरचं. त्यात डुकराचं मांस आणि मार्जोरम नावाचा सुगंधी पाला असतो, आणि ते शहराच्या हद्दीत बनलं तरच हे नाव लावता येतं. हॉटेलात सहा, आठ, दहा, बारा अशा संख्येत मिळतात, सोबत आंबवलेला कोबी. मला विचाराल तर रस्त्यावर उभं राहून 'ड्राय इम वेक्ला', म्हणजे पावात तीन, असं मागा आणि मोहरी लावून खा. सोबत इथली लालसर बिअर. शाकाहारी असाल तर थोडं जपून: बटाट्याच्या सॅलडमध्ये बहुधा मांसाचं पाणी घातलेलं असतं आणि बटाट्याच्या गोळ्यांवरचा रस्साही मांसाचाच. चीज घातलेले श्पेट्झले (अंडं घातलेल्या पिठाच्या शेवया) बिनधास्त मागवा. एप्रिल ते जून पांढऱ्या शतावरीचा हंगाम असतो, तेव्हा तुमची चैन आहे.

आता तो दुसरा दिवस. जुन्या गावातलं देखणं ते बरंचसं नव्याने बांधलेलं, आणि शहराला नकोसं असलेलं मात्र मूळचं, ही इथली गंमत म्हणा किंवा शिक्षा. १९३३ ते १९३८ दरवर्षी नाझी पक्षाचे मेळावे इथे भरत. १९३५ च्या मेळाव्यातच ज्यूंचं नागरिकत्व काढून घेणारे कायदे झाले. आग्नेयेला तळ्याकाठी पन्नास हजार माणसांसाठीचं अर्धवट सभागृह अजून उभं आहे. त्याच्या एका टोकात गुंटर डोमेनिग या वास्तुविशारदाने काच आणि पोलादाचा एक तिरका दांडा आरपार घुसवलाय. तिथे २००१ पासून त्या काळाची माहिती मांडणारं प्रलेखन केंद्र आहे. बरीच वर्षं नूतनीकरण चाललंय, त्यामुळे काय उघडं आहे ते आधी बघा. मेळावे भरत त्या झेपेलिन मैदानाच्या पायऱ्यांवर हिटलर जिथे उभा राहायचा, तिथे आज पोरं कट्ट्यावर बसल्यासारखी बसतात. महापालिकेचं धोरण असं की पडू द्यायचं नाही, पण सजवायचंही नाही. मला ते पटतं.

तिथून यू-१ मेट्रोने बेरेनशान्झेला या. न्यायालयाचा ६०० क्रमांकाचा हॉल तिथे आहे. २० नोव्हेंबर १९४५ पासून १ ऑक्टोबर १९४६ पर्यंत प्रमुख नाझींवर खटला चालला तो इथेच. बारा जणांना फाशीची शिक्षा, तिघे निर्दोष. इंग्रजी, फ्रेंच, रशियन आणि जर्मन अशा चार भाषांत एकाच वेळी दुभाषे बोलत आणि सगळे कानाला हेडफोन लावून ऐकत. एवढ्या प्रमाणावर ते पहिल्यांदाच झालं. हॉल अपेक्षेपेक्षा लहान आहे. वरच्या मजल्यावरचं प्रदर्शन उत्तम आहे, निदान दोन तास ठेवा.

तिसरा दिवस जवळच्या बांबेर्ग शहराला द्या किंवा इथल्या रेल्वे संग्रहालयाला. जर्मनीतली पहिली आगगाडी १८३५ मध्ये इथूनच फ्युर्टला गेली, आपल्या बोरीबंदर-ठाण्याच्या अठरा वर्षं आधी. डिसेंबरात येत असाल तर ख्रिसमस बाजार आहेच, पण शनिवार टाळा, पाय ठेवायला जागा नसते. रविवारी दुकानं बंद, सोमवारी बहुतेक संग्रहालयं बंद, त्या हिशेबाने दिवस लावा. बांबेर्गला जाताना बायर्न-तिकीट (या राज्यातल्या साध्या गाड्यांचं दिवसभराचं तिकीट) काढलंत तर पाच जणांपर्यंत एकावर भागतं, फक्त ते आयसीईत चालत नाही आणि आठवड्याच्या दिवशी सकाळी नऊनंतरच लागू होतं.