मुंबईत पोलिसांचं ट्रेनिंग सेंटर कधीपासून आहे आणि पूर्वीच्या ट्रेनिंगमध्ये न् आताच्यात काय फरक पडलाय?

तुम्ही मुंबईचं विचारलंय, पण सुरुवात पुण्यापासून करावी लागेल.

आमचं घर पोलिसाचं. बाबा शिपाई म्हणून लागले आणि फौजदार होऊन रिटायर झाले, लहानपण सगळं नायगावच्या बीडीडी चाळीत गेलं, आता धाकटा भाऊ मरोळला ट्रेनिंग करून ड्युटीला लागलाय. त्यामुळे या विषयावर आमच्याकडे जेवताना पण वाद होतात.

तर इतिहास असा, की मुंबईला पोलीस कमिशनर मिळाला १८६४ साली, फ्रँक सूटर, पण पोलिसाला नीट शिकवून मग ड्युटीला लावायचं हा विचार यायला बरीच वर्षं गेली. १९०२ मध्ये व्हाइसरॉय कर्झनने पोलीस खात्याची चौकशी करायला अँड्र्यू फ्रेझरचं कमिशन नेमलं, त्याने रिपोर्टमध्ये सरळ लिहिलं की पोलिसांना धड ट्रेनिंग नाही, देखरेख नाही आणि लोक त्यांना लाचखाऊ न् जुलमी समजतात. इंग्रजांनीच नेमलेलं कमिशन हे लिहितंय म्हणजे परिस्थिती काय असेल बघा! त्यानंतर प्रांतोप्रांती ट्रेनिंग स्कूलं निघाली. आपल्याकडचं १९०६ मध्ये पुण्याला भांबुर्ड्यात, म्हणजे आजच्या शिवाजीनगरला सुरू झालं आणि १९०९ मध्ये नाशिकला गेलं. तीच आजची त्र्यंबक रोडवरची महाराष्ट्र पोलीस अकादमी, जुने लोक अजून पीटीसीच म्हणतात, म्हणजे पोलीस ट्रेनिंग कॉलेज. एमपीएससीतून पीएसआय झालेली पोरं तिथे जातात, आणि दीक्षांत परेडला पहिल्या आलेल्याला मानाची तलवार मिळते.

शिपायांचं वेगळं. त्यांच्यासाठी राज्यात ठिकठिकाणी ट्रेनिंग स्कूलं आहेत, खंडाळा, दौंडजवळ नानवीज, जालना, अकोला वगैरे, आणि मुंबईत अंधेरीला मरोळ. आता मुंबईची भरती एवढी मोठी असते की सगळी पोरं मरोळला मावत नाहीत, त्यामुळे मुंबई पोलिसात लागलेला मुलगा ट्रेनिंगला दुसऱ्या जिल्ह्यात गेला तर दचकू नका, ते नेहमीचंच आहे. मुलींना ३० टक्के आरक्षण आल्यापासून तर त्यांच्याही मोठ्या बॅच असतात, बाबांच्या वेळी हे नव्हतंच.

आता फरक. बाबा सांगतात, त्यांच्या वेळी ट्रेनिंग म्हणजे ग्राउंड. पहाटे गणती, पीटी, परेड, रायफल घेऊन पळणं, चूक झाली की अजून पळणं, आणि दुपारी कायद्याचा क्लास लागला की अर्धी बॅच झोपलेली, कारण अंगात जीवच उरायचा नाही. परेडला माझा विरोध नाही हां. गणपतीत लालबागला सोळा-सोळा तास उभं राहायचं तर शरीर तयारच लागतं, आणि समोर पन्नास हजारांची गर्दी असताना सांगितल्या जागेवरून हलायचं नाही ही सवय ग्राउंडवरच लागते. पण पोलीस स्टेशनात रडत आलेल्या बाईशी बोलायचं कसं, हे बाबांना कुणी शिकवलं नाही. ते त्यांनी नोकरीत, जुन्या हवालदारांचं बघून बघून उचललं, आणि बघायला चांगला हवालदार मिळाला हे त्यांचं नशीब.

२६/११ नंतर हत्यारांकडे लक्ष गेलं. सीएसटीला समोर एके-४७ आणि आपल्या माणसांच्या हातात जुन्या .३०३ रायफली, आणि गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे तर नुसती लाठी घेऊन पुढे झाले, ते आठवलं की आमच्या घरात आजही कुणी बोलत नाही. त्यानंतर फोर्स वन ही कमांडो तुकडी उभी राहिली, नवी हत्यारं आली. ते गरजेचंच होतं. पण शंभरातल्या नव्वद पोलिसांना आयुष्यात गोळी चालवावी लागत नाही, तक्रार मात्र रोज लिहावी लागते. म्हणून मला मोठा बदल वाटतो तो क्लासरूममधला, आता सायबर फ्रॉड शिकवतात, पंचनामा प्रत्यक्ष करून घेतात, आणि १ जुलै २०२४ पासून आयपीसी जाऊन भारतीय न्याय संहिता, म्हणजे बीएनएस, असे नवे कायदे लागू झाल्यावर सगळंच नव्याने.

भाऊ सुट्टीला घरी आला की प्रॅक्टिस करायचा. आई फिर्यादी, तिचं मंगळसूत्र ओढून नेलंय, हा समोर वही घेऊन. पहिल्यांदा त्याने धडाधड प्रश्न विचारले, किती तोळ्याचं, किती वाजता, गाडीचा नंबर काय, तर बाबा आतून ओरडले, "अरे आधी तिला बस म्हण, पाणी दे!" मग कलम लिहायची वेळ आली, बाबा म्हणाले ३९२, भाऊ म्हणाला, "बाबा ते गेलं, आता बीएनएस ३०४." बाबांनी चष्मा लावून त्याचं पुस्तक मागून घेतलं, आणि पाणी द्यायचं मात्र भावाने वहीत वर पहिल्या ओळीत लिहून ठेवलं.