ऑटो बसवला तरी विहिरीवर चक्कर

प्रश्न : भाऊ, आमची केळी आहे, यावल तालुक्यात. दिवाळीत पुण्याहून भाचा आला होता, त्याने जुन्या लॅपटॉपवर कुकी क्लिकर लावून दिलं, म्हणे मामा हा आयडल गेम आहे, काही करायचंच नसतं, आपोआप चालतो. आता रात्रीची लाइट असली की मी मोटर सुरू करून येतो आणि झोपायचं सोडून कुकीवर टिकटिक करत बसतो. माउसचं डावं बटण ढिलं झालं. बायको म्हणते एवढ्या वेळात बागेतली पिलं (केळीच्या बुडाशी फुटणारे कोंब) कापून झाली असती. मग हा आयडल कसला? भाच्याने येडं बनवलं का मला?
— एक केळीवाला

उत्तर : नाही हो मामा, भाच्याने फक्त अर्धंच सांगितलं. तुमचीच मोटर घ्या ना. ऑटो स्टार्टर नसला तर लाइट आली की कुणीतरी उठून विहिरीवर जायचं आणि हिरवं बटण दाबायचं, ऑटो बसवला की मोटर आपली आपण उचलते. क्लिकर म्हणजे ते बटण, आयडल म्हणजे ऑटो, आणि या गेममध्ये आधी बटण दाबून दाबून ऑटोचे पैसे जमवायचे असतात.

हिशोबच बघा. एका क्लिकला एक कुकी, आणि त्याच कुकी देऊन आपोआप कुकी करणारे मदतनीस घ्यायचे. पहिला कर्सर १५ कुकींना मिळतो आणि तो १० सेकंदांना एक कुकी देतो, म्हणजे तुमच्या बोटापुढे काहीच नाही. पण कुकी भाजणारी आजी १०० ची, ती सेकंदाला एक देते. तुम्ही सेकंदाला ५ क्लिक मारत असाल तर पाच आज्या झाल्या की तुमच्या बोटाची बरोबरी झाली, आणि पाच आज्यांना साधारण ६७५ कुकी लागतात, सव्वादोन मिनिटांचं काम. तिथून पुढे खरं तर हात बाजूला घ्यायला हरकत नाही.

आणि हे मी मनाचं नाही सांगत, गेमच सांगतो. त्यात नेव्हरक्लिक नावाचं एक अचीव्हमेंट (बक्षिसाचा बिल्ला) आहे, फक्त १५ क्लिकमध्ये १० लाख कुकी करायच्या. १५ क्लिक म्हणजे बरोब्बर पहिल्या कर्सरची किंमत! दुसरा कर्सर १८ चा, त्यासाठी तीन मिनिटं नुसतं बघत बसायचं. मी करून पाहिलंय, बोअर होतं, पण होतं.

मग तुमचं बोट का थांबत नाही? कारण गेम थांबू देत नाही. ऑर्टेल नावाच्या फ्रेंच पोराने २०१३ मध्ये हा बनवला आणि पोरगं लई चलाख. मधेच एक सोनेरी कुकी येते, सुरुवातीला पाच ते पंधरा मिनिटांत कधीही, आणि १३ सेकंदांत गायब. तिच्यावर क्लिक केलं तर कधी ७७ सेकंद सातपट उत्पन्न, आणि नशीब जोरावर असेल तर १३ सेकंद तुमच्या क्लिकची ताकद ७७७ पट. वर माउसचे अपग्रेड आहेत, ते घेतले की दर क्लिकला तुमच्या सेकंदाच्या उत्पन्नाचा एकेक टक्का जास्त. म्हणजे ऑटो बसवलाय, पण विहिरीवर चक्कर मारणाऱ्याला हंडा सापडतो, मग कोण झोपेल सांगा!

दुसरी गोम किमतीत आहे. दर आजीला भाव १५ टक्क्यांनी वाढतो. अपग्रेड सोडले तर पहिल्या आजीचे पैसे १०० सेकंदांत वसूल, पण एकावन्नावी १ लाख ८ हजारांच्या पुढे जाते, ती फिटायला तीस तास. म्हणून तर लोक टॅब उघडा ठेवून निघून जातात. टॅब उघडाच ठेवा हां, ब्राउझरमधला गेम बंद केला तर सुरुवातीला काहीच मिळत नाही. नंतर असेन्शन (सगळं सोडून नव्याने सुरुवात, खाली सांगतो) करून अपग्रेड घेतला तरी पहिल्या तासाला नेहमीच्या उत्पन्नाच्या ५ टक्के आणि पुढे अर्धा टक्का. याउलट अ‍ॅडव्हेंचर कॅपिटलिस्ट नावाच्या गेममध्ये मॅनेजर ठेवला की गेम बंद असला तरी गल्ला भरतो, तो जास्त आयडल. आणि एकदम शुद्ध आयडल पाहिजे तर २००२ चा प्रोग्रेस क्वेस्ट, त्यात पात्र निवडलं की तुमचं काम संपलं.

असेन्शन म्हणजे पिलबागच समजा, जुनं झाड कापून त्याच्या पिलावर घेतलेलं पुढचं पीक. एक लाख कोटी कुकी झाल्या की जुनं सगळं कापून टाकायचं, आणि त्याच्या बदल्यात जी लेव्हल मिळते ती पुढच्या खेळात उत्पन्न एक टक्क्यापर्यंत वाढवू शकते. तिथपर्यंत पोचलात की क्लिक आपोआप कमी होतील.

प्रश्न : ऑटो क्लिकर (आपोआप क्लिक मारणारा प्रोग्राम) लावला तर ती चीटिंग का? (धुळ्याहून)

उत्तर : एकट्याचा गेम आहे, कुणाच्या ताटातलं ओढत नाही तुम्ही. फक्त फार वेगात क्लिक केल्याचं एक अचीव्हमेंट आहे, ते मिळालं तर यावलच्या मामांना दाखवू नका, त्यांनी ते बोटाने मिळवायला घेतलं तर उरलेलं बटणही जाईल.